घासून काढलेली तीन अक्षरे

एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे आणि समोरच्या माणसाला ठाऊक नाही. ती त्याला सांगितली तर आपला तोटा होतो, न सांगितली तर फायदा. अशा वेळी गप्प राहणे हा गुन्हा आहे काय? आम्ही पेशाने शिक्षक. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक नसलेल्यांना सांगावी, यासाठीच आम्हांला पगार मिळतो. पण हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो वर्गात नव्हे, तर पंचवटीत, गंगेच्या काठी, बुधवारच्या बाजारात. आणि तोही एका काचेच्या फुलदाणीच्या निमित्ताने. त्या परीक्षेत आम्ही नापास झालो. ती हकीकत आणि तिच्यावरून सुचलेले चार विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

काचेचे वेड आम्हांला लहानपणीच लागले. आमचे मामू कुवेतला नोकरीला होते. दोन वर्षांनी एकदा ते येत, तेव्हा त्यांच्या पेटीतून कागदात गुंडाळलेले चहाचे ग्लास निघत. त्यांच्या बुडाशी 'फ्रान्स' असा ठसा आणि एक आकडा असे. ग्लास रिकामा झाला की आम्ही भावंडे तो आकडा वाचून 'हे तुझे वय, हे माझे वय' असा खेळ खेळत असू. ते ड्युरालेक्स कंपनीचे ग्लास होते हे फार पुढे कळले. अम्मी ते शोकेसमध्ये ठेवी. ईदला किंवा सोयरिकीचे पाहुणे आले तरच ते बाहेर निघत. घरातला एखादा कमावता माणूस आखातात असलेल्या आपल्यातल्या अनेक कुटुंबांनी असे शोकेस पाहिले असेल. फ्रान्सची काच आपल्या घरात आली ती अशी, मजुरीच्या पैशातून आणि विमानाच्या सामानातून.

पुढे बी.एड. झालो, नोकरी लागली, आणि एका वर्षी मुलांची सहल घेऊन हैदराबादला गेलो. तेथे सालारजंग संग्रहालय पाहिले. तिसरे सालारजंग, मीर यूसुफ अली खान (१८८९–१९४९), हे काही काळ निजामाचे दिवाण होते. पण त्यांचे खरे आयुष्य वस्तू जमवण्यात गेले. ते अविवाहित होते. त्यांच्या पश्चात १९५१ मध्ये तो संग्रह लोकांसाठी खुला झाला. युरोपीय काचेच्या दालनात आम्ही इतका वेळ रेंगाळलो की मुलेच आम्हांला शोधत आली. त्या दिवसापासून मिळेल ते वाचू लागलो. जमवण्याची ऐपत नव्हती. मग जुन्या बाजारातून अत्तराच्या आणि सेंटच्या रिकाम्या कुप्या दहा-वीस रुपयांना आणू लागलो.

वाचता वाचता एक गोष्ट कळली आणि आमची छाती थोडी फुगली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये कलात्मक काचेची जी नवी लाट आली, तिच्या मुळाशी आपल्या मशिदीतले दिवे होते. तेराव्या-चौदाव्या शतकांत कैरो आणि दमास्कस येथे मशिदींत टांगण्यासाठी मीनाकारीचे काचेचे दिवे होत. सूरह नूरमध्ये दिव्याला आणि काचेला जे स्थान दिले आहे त्याची आठवण म्हणून पुष्कळदा तीच आयत त्यांवर लिहिली जाई. पॅरिसच्या फिलिप-जोसेफ ब्रोकार या कारागिराने ते दिवे पाहून ती हरवलेली मीनाकारी पुन्हा जमवली आणि १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. त्या कामाचा प्रभाव नान्सी गावच्या एमिल गाले (१८४६–१९०४) यांच्या सुरुवातीच्या कामावर पडला. पुढे गाले यांनी स्वतःची वाट काढली.

ती वाट अशी. वेगवेगळ्या रंगांच्या काचेचे दोन-तीन थर एकावर एक चढवून भांडे बनवायचे. जे चित्र हवे, त्यावर आम्लाचा परिणाम न होणारा लेप द्यायचा आणि भांडे आम्लात बुडवायचे. जेथे लेप नाही तेथील वरचा थर आम्ल खाऊन टाकते, आणि पान, फूल, झाड उठून दिसते. मेंदीत लेप असतो तेथे रंग चढतो. येथे लेप असतो तेथला रंग वाचतो. उंची नगांवर नंतर फिरत्या चाकाने हाताने कोरीव काम करीत. भांड्याच्या अंगावरच 'गाले' अशी सही असे. त्यांच्या मृत्यूनंतर कारखाना चालू राहिला आणि काही वर्षे त्या सहीशेजारी एक तारा येऊ लागला. मालक हयात नाही, हे गिऱ्हाइकाला कळावे म्हणून.

हे सगळे आम्हांला पुस्तकातून ठाऊक होते. अशी वस्तू हातात येईल असे स्वप्नातही नव्हते.

२०२२ च्या पावसाळ्यानंतरचा एक बुधवार होता. शाळेला सुट्टी होती. आम्ही पंचवटीतच भाड्याने राहतो, त्यामुळे बाजार पायाखालचा. भाजीची पिशवी घेऊन परतताना गौरी पटांगणाच्या बाजूला जुने सामान मांडून बसणाऱ्या एका मावशींपाशी नेहमीप्रमाणे थांबलो. गोणपाटावर कुलपे, पितळी तोट्या, घड्याळाचे सांगाडे, चिमण्या नसलेले कंदील पडले होते. त्यांत वीतभर उंचीची एक फुलदाणी. खाली दुधी-पिवळसर, वर गडद तपकिरी. तळ्याकाठची झाडे आणि मागे डोंगर. धूळ पुसली तर झाडाच्या बुंध्याशी रोमन लिपीत सही: गाले.

आमचे हात थरथरले. मावशींनी ते पाहिले असावे. त्या म्हणाल्या, "मास्तर, काय असल हो ते? लई जड हाये. एवढं लिवलंय काय त्याच्यावर?"

वाचकहो, सारी गोष्ट या एका प्रश्नात आहे. एका न शिकलेल्या बाईने एका शिक्षकाला लिहिलेले अक्षर दाखवून अर्थ विचारला होता. आम्ही म्हणालो, "काही नाही मावशी, कंपनीचं नाव असेल. फुलदाणी आहे साधी." त्यांनी दोनशे सांगितले. आम्ही घासाघीस केली, कारण न करता घेतली असती तर त्यांना संशय आला असता. दीडशेला सौदा तुटला. फुलदाणी मेथीच्या जुड्यांत खुपसून आम्ही घरी आलो.

त्या रात्री झोप लागली नाही. आधी आनंदाने, मग दुसऱ्याच कारणाने. गालेंच्या कारखान्यातला लहानसा नगही परदेशी लिलावात पन्नास-साठ हजारांच्या घरात सहज जातो, मोठ्या नगांना तर लाखो मिळतात, हे आम्ही वाचले होते. मावशींचा आठवडाभराचा गल्ला किती असेल, याचा हिशेब मनात आपोआप होऊ लागला.

माणूस स्वतःचा वकील फार हुशार असतो. आम्ही स्वतःला सांगितले की भाव त्यांनीच सांगितला होता. बाजार म्हटला की ज्याला कळते तो कमावतो. भंगारात पितळ कोणते आणि पितळी मुलामा कोणता हे मावशींना कळते आणि विकणाऱ्याला कळत नाही, त्यावरच त्यांचेही पोट चालते. शिवाय आम्ही दहा वर्षे वाचन केले, रात्री जागवल्या. त्या ज्ञानाचा काही मोबदला नको काय? डॉक्टर, वकील आपल्या ज्ञानाचे पैसे घेतातच की.

हे युक्तिवाद अगदीच पोकळ नाहीत. ज्ञान मिळवायला कष्ट पडतात आणि कष्टाला मोल असते, हे मान्यच केले पाहिजे. दुकानदाराने प्रत्येक गिऱ्हाइकाला आपली खरेदीची किंमत सांगत बसावे, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्ञानाचा मोबदला घेणे वेगळे आणि दुसऱ्याच्या अज्ञानाचा मोबदला घेणे वेगळे. डॉक्टर रोग्याला रोग सांगून पैसे घेतो. रोग लपवून घेतले तर त्याला आपण डॉक्टर म्हणत नाही.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार बारकाईने झालेला आहे. गावाबाहेर जाऊन, बाजारभाव ठाऊक नसलेल्या काफिल्याला वाटेतच गाठून माल खरेदी करण्यास पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी मनाई केली. तरीही कोणी तसा सौदा केला, तर बाजारात पोहोचल्यावर तो मोडण्याचा हक्क विकणाऱ्याला दिला. म्हणजे भाव विकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितला, एवढ्याने सौदा निर्मळ होत नाही. इमाम अबू हनीफा (रह.) हे कापडाचे व्यापारी. त्यांच्याविषयी सांगतात की एक बाई रेशमी कापड विकायला आली आणि तिने शंभर मागितले. इमामसाहेब म्हणाले, हे जास्त किमतीचे आहे. ती शंभराशंभराने वाढवीत चारशेपर्यंत आली. ते म्हणाले, याहूनही जास्त. आपली थट्टा चालली आहे असे तिला वाटले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या माणसाला बोलावून किंमत ठरवायला सांगितली आणि पाचशेला कापड घेतले. ही गोष्ट आम्ही दरवर्षी मुलांना सांगतो. सांगताना आवाजही चढतो. आणि तरी बुधवारी मेथीच्या जुड्या वर ठेवायला आम्ही विसरलो नाही.

तीन महिने फुलदाणी कपाटात पडून राहिली. शोकेसमध्ये ठेवण्याचा धीर होईना. अखेर काही कामासाठी मुंबईला जाणे झाले, तेव्हा ती कापडात गुंडाळून चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर नेली. तेथे जुन्या वस्तूंचा व्यापार करणारे एक बुजुर्ग आमच्या परिचयाचे आहेत. त्यांनी फुलदाणी उजेडात धरली, फिरवली, मग सहीच्या शेजारी अंगठ्याचे नख हळूच ओढले. आमचा अंगठा धरून त्याच जागी फिरवला. तेवढ्या जागी काच किंचित खरखरीत लागत होती.

"मास्टरजी, यहाँ तीन हर्फ थे," ते म्हणाले. "किसीने घिस दिये."

मग त्यांनी समजावून सांगितले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून रोमानियात गालेंच्या धर्तीची काच मोठ्या प्रमाणावर बनू लागली. बनवणाऱ्यांनी सहीजवळ 'टिप' हा शब्द घातला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'प्रकारचे', 'धर्तीचे'. म्हणजे कारखान्याने लबाडी केली नव्हती. ही गालेच्या धर्तीची वस्तू आहे, असे त्यांनी काचेवरच लिहून दिले होते. पुढे कोणा व्यापाऱ्याने ती तीन अक्षरे घासून काढली, आणि एक वाक्य न बोलता खोटे तयार झाले. नक्कल असली तरी कारागिरी बरी आहे, दिवाणखान्यात ठेवायला कोणीही तीन-चार हजार देईल, असेही ते म्हणाले.

परतीच्या गाडीत आम्हांला विलक्षण हलके वाटत होते. कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत तर आम्ही गुणगुणू लागलो. मावशींचे आम्ही पन्नास-साठ हजार मारले नव्हते! वस्तूच खोटी निघाली. गुन्हा घडलाच नाही. इगतपुरीला चहा घेताना मात्र एकदम मनात आले, आपण कशाने एवढे आनंदलो आहोत? वस्तू खोटी निघाली म्हणून आपण खरे कसे ठरलो?

नाशिकला गोदेला पूर आला की लोक विचारतात, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आले? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की छातीपर्यंत? सगळ्या गावाचे माप एकच, कारण ती मूर्ती जागची हलत नाही. पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या ओंडक्यावर खूण करून कोणी पूर मोजीत नाही. आम्ही आमच्या अपराधाचे माप फुलदाणीच्या किमतीवर ठेवले होते. किंमत साठ हजार तर अपराध मोठा, तीन हजार तर लहान, शून्य तर नाहीच. पण ज्या क्षणी मावशींनी 'काय असल हो ते' म्हणून विचारले आणि आम्ही 'काही नाही' म्हणालो, त्या क्षणी आमच्या मनात किंमत साठ हजारच होती. कर्माचे मोल नियतीवर ठरते हे आपण सारेच जाणतो. आमची नियत त्या दिवशी साठ हजारांना फसवण्याची होती. रोमानियातल्या कारागिराने आम्हांला त्या पापातून वाचवले असे म्हणणे म्हणजे सुरा बोथट निघाला म्हणून मारणाऱ्याला निर्दोष ठरवणे होय.

आणि मग ती तीन अक्षरे आठवली. ज्याने ती घासली त्याचा आम्हांला मटन स्ट्रीटवर भलताच संताप आला होता. पण त्याने काय केले? जे लिहिलेले होते ते वाचणाऱ्यापर्यंत पोहोचू दिले नाही. आम्ही काय केले? लिहिलेले होते, बाईने बोट ठेवून विचारले, आणि आम्ही ते तिच्यापर्यंत पोहोचू दिले नाही. त्याने कानसीने घासले, आम्ही जिभेने.

ज्यांच्या नावाने हा प्रकार झाला त्या गाले यांचे चरित्र वाचलेले असल्यामुळे शरम अधिकच वाटली. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड ड्रेफस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या आरोपावरून शिक्षा झाली. आरोपाचा आधार होता एक चिठ्ठी, जी त्याने लिहिलेली नव्हती. पुढे त्याच्याविरुद्ध बनावट कागदही तयार करण्यात आला. देशाचे दोन तट पडले. गाले प्रोटेस्टंट, म्हणजे तेही अल्पसंख्याकच. सरहद्दीजवळच्या नान्सीत लष्कराविरुद्ध बोलणे सोपे नव्हते. तरी ते ड्रेफसच्या बाजूने उघडपणे उभे राहिले. त्यापायी मित्र दुरावले, गिऱ्हाइके तुटली. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांनी 'काळी माणसे' या नावाची एक फुलदाणी मांडली; द्वेष आणि असत्य पसरवणाऱ्यांवरचा तो काचेतला आरोप होता. ड्रेफस १९०६ मध्ये निर्दोष ठरला. ते पाहायला गाले राहिले नव्हते. बनावट कागदाविरुद्ध ज्याने आपला धंदा पणाला लावला, त्याच्याच सहीची बनावट काच आमच्या पिशवीत होती, आणि ती आम्ही बनवाबनवी करूनच मिळवली होती.

पुढच्या बुधवारी फुलदाणी घेऊन आम्ही बाजारात गेलो. काफिल्याचा नियम आम्हांला ठाऊक होता. सौदा मोडण्याचा हक्क मावशींना द्यायचा होता. सगळे सांगितले. त्या दिवशी काय समजलो होतो, काय खोटे बोललो, मुंबईत काय कळले, आज काय मिळू शकेल. म्हटले, "वस्तू परत घ्या आणि नीट भावाने विका, नाहीतर वरचा फरक आमच्याकडून घ्या."

मावशी बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "पन खोटंच निघालं ना ते? मग कशापायी आलात?"

आम्ही म्हणालो, "ते खोटं निघालं मावशी, पण तुम्ही विचारलेलं खरं होतं."

त्या हसल्या. म्हणाल्या, एका बंगल्यातले सामान उक्ते उचलले होते, त्यात ही फुलदाणी फुकटच आली. त्या घरच्या माणसांनाही काही ठाऊक नव्हते. क्षणभर आमच्यातला वकील पुन्हा जागा झाला. पाहा, मागेही कोणी कोणाला सांगितलेले नाही! बंगलेवाल्याला न सांगता मावशींनी घेतले, मावशींना न सांगता आम्ही. त्याही आधी अक्षरे घासणारा होता. आणि फार मागे गेलो तर ज्या मशिदींतले वक्फचे दिवे व्यापाऱ्यांच्या हातून युरोपच्या संग्रहांत गेले, तेथपर्यंत ही साखळी जाते. या साऱ्याचा हिशेब कोण करणार? आमचे उत्तर असे की, साखळीचा हिशेब मागितला जात नाही, आपल्या कडीचा मागितला जातो. मावशींना बंगलेवाल्याने काही विचारले नव्हते. आम्हांला विचारले गेले होते.

मावशींनी फुलदाणी परत घेतली नाही. घासाघीस मात्र केली, या वेळी त्यांनी. दोन हजारांना मिटले. शिक्षकाच्या खिशाला तो आकडा लागला, हे कबूल करतो. नोटा कमरेच्या पिशवीत ठेवून त्यांनी गोणपाटाखालून एक निळी बाटली काढली आणि म्हणाल्या, "आता याचं खरं सांगा."

तेव्हापासून आमचा हा बुधवारचा तास झाला आहे. आधी त्या विचारतात, आम्ही सांगतो. नंतर भाव ठरतो. ठरलेला भाव बहुधा आम्हांला परवडत नाही. या काळात आमच्या संग्रहात फक्त दोन कुप्यांची भर पडली.

फुलदाणी आता शोकेसमध्ये आहे, मामूंच्या ग्लासांशेजारी. ती देखणी आहे. नक्कल म्हणून तिच्या झाडांची सावली कमी झालेली नाही. मात्र शोकेसमध्ये ठेवण्याआधी एक काम केले. तिच्या बुडाशी एक चिठ्ठी चिकटवली आणि तीवर मराठीत आणि उर्दूत लिहिले : 'गालेच्या धर्तीची. रोमानियात बनलेली. नक्कल.' आमच्यानंतर ती कोणत्या गोणपाटावर जाईल कोणास ठाऊक. तेथे कोणी तरी बोट ठेवून विचारील, हे काय लिहिले आहे. त्या वेळी उत्तर देणारा कसा असेल याची हमी आम्ही देऊ शकत नाही. घासलेली तीन अक्षरे तेवढी पुन्हा जागेवर ठेवली आहेत.